‘सर्वात सुरक्षित हेलिकॉप्टर कोणतं?’ : एका तक्त्याची उलटतपासणी

कुठे हेलिकॉप्टर पडलं की दोन दिवसांत एक तक्ता फिरायला लागतो. डावीकडे मॉडेलचं नाव, पुढे अपघातांची संख्या, त्यापुढे मृत्यू, आणि शेवटच्या रकान्यात ‘सुरक्षित’ किंवा ‘धोकादायक’ असा शिक्का. चहाच्या टपरीवर वाचायला ठीक आहे. पण हाच तक्ता उद्या तुमच्या संशोधन आराखड्यात ‘तुलनात्मक अभ्यास’ म्हणून आला, तर पहिल्याच सादरीकरणात तो कोसळेल. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण विषय शोधताय. म्हणून या तक्त्याची आज नीट तपासणी करू. विषय हेलिकॉप्टरचा असला तरी हीच चूक रुग्णालयं, बसगाड्या, बियाण्यांचे वाण, सगळीकडे होते.

आधी विचारा : मोजलं काय?

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या जंगलात अपघात झाला. सुरुवातीच्या काही बातम्यांत ‘हेलिकॉप्टर कोसळलं’ असं आलं. प्रत्यक्षात ते शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण अकादमीचं छोटं विमान होतं. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला, प्रशिक्षणार्थी जखमी झाली. आता कुणी पहिल्या दिवसाच्या बातम्या गोळा करून ‘महाराष्ट्रातील हेलिकॉप्टर अपघात’ अशी यादी केली, तर जळगाव जिल्ह्याच्या नावावर न घडलेला एक हेलिकॉप्टर अपघात कायमचा चढतो. म्हणून बातमी ही सुरुवात, पुरावा नव्हे. नोंद घ्यायची ती तपास अहवालावरून.

‘अपघात’ म्हणजे काय, हेही ठरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येत मृत्यू, गंभीर दुखापत, यंत्राच्या सांगाड्याचं मोठं नुकसान किंवा विमान बेपत्ता होणं येतं. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत जखमीचा मृत्यू झाला तर तो अपघाती मृत्यू धरतात. तक्ता करणाऱ्याने कोणती व्याख्या घेतली, हे लिहिलेलं नसेल तर पुढे वाचायची गरजच नाही.

मग विचारा : सारख्याची सारख्याशी तुलना आहे का?

महाराष्ट्रातले तीन अपघात बघा. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं सिकोर्स्की एस-७६ उड्डाण करताच खाली आलं. आतले सहाही जण वाचले. १३ जानेवारी २०१८ ला ओएनजीसीच्या अधिकाऱ्यांना नेणारं पवनहंसचं डॉफिन मुंबईजवळच्या समुद्रात पडलं. सातही जण गेले. २८ जून २०२२ ला पवनहंसचंच एस-७६ मुंबई हायजवळ समुद्रात उतरलं. नऊपैकी चार जण गेले.

आता तक्ता काय सांगेल? एस-७६ : दोन अपघात, चार मृत्यू. डॉफिन : एक अपघात, सात मृत्यू. म्हणजे डॉफिन वाईट? की दोनदा पडलं म्हणून एस-७६ वाईट? खरं तर दोन्ही उत्तरं निरर्थक आहेत. निलंग्याचं यंत्र जमिनीवर आलं, बाकीची दोन समुद्रात. शिवाय २०१७ चं आणि २०२२ चं एस-७६ हे एकाच कुळातले पण वेगवेगळे प्रकार आहेत. एका ओळीत कोंबले की फरक गायब.

निलंग्याच्या प्रकरणात वजन आणि तापमान हे मुद्दे पुढे आले होते. खानदेशातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. हवा तापली की विरळ होते. पंख्याच्या पात्यांना कमी उचल मिळते, इंजिनाची ताकदही घटते. जळगावच्या ४४ अंशांतलं हेलिकॉप्टर आणि जानेवारीतलं तेच हेलिकॉप्टर सारखं वजन उचलू शकत नाही. २०२४ च्या लोकसभेला जळगाव आणि रावेरचं मतदान १३ मे रोजी, धुळ्याचं २० मे रोजी होतं. म्हणजे प्रचाराची उड्डाणं ऐन उन्हाळ्यात आणि मैदानात आखलेल्या तात्पुरत्या हेलिपॅडवरून. एखादं मॉडेल प्रचारात जास्त वापरलं जात असेल, तर त्याच्या खात्यावर मॉडेलचा दोष जमा होतोय की मे महिन्याचा, हे तक्ता सांगूच शकत नाही.

सर्वात मोठा घोटाळा : छेद कुठे आहे?

समजा ‘अ’ मॉडेलचे १२ अपघात, ‘ब’ चे ३. कोण धोकादायक? घाई करू नका. ‘अ’ ने ६ लाख तास उड्डाण केलं असेल आणि ‘ब’ ने १ लाख, तर लाख तासांमागे ‘अ’ चे २ आणि ‘ब’ चे ३ अपघात. निकाल उलटला! अंश तोच, फक्त छेद लिहिला.

आणि छेद तरी कोणता? मुंबईहून समुद्रातल्या तेलफलाटाकडे जाणारं हेलिकॉप्टर बराच वेळ सरळ उडतं. केदारनाथची फेरी काही मिनिटांची, म्हणजे तासाभरात कितीतरी वेळा उतरणं-चढणं, तेही दरीत आणि बदलत्या हवेत. तिथे उड्डाणतासांऐवजी उतरण्यांची संख्या हा अधिक प्रामाणिक छेद ठरू शकतो. निवड काहीही करा, पण का केली ते लिहा.

‘शून्य अपघात’ या शिक्क्यावर तर अजिबात भाळू नका. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे : न वेळा पाहूनही घटना शून्य असेल, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर खरा दर साधारण ३ भागिले न इतका असू शकतो. ३०,००० तासांत शून्य अपघात म्हणजे दर १०,००० तासांमागे १ पर्यंत, अर्थात लाखामागे १० पर्यंत असू शकतो. वरच्या ‘अ’ आणि ‘ब’ दोघांपेक्षा जास्त! नवीन आणि कमी उडालेलं मॉडेल म्हणूनच कागदावर देखणं दिसतं.

मग मॉडेलची तुलना करूच नये का?

करावी, पण प्रश्न नेमका हवा. रॉबिन्सन आर-४४ हे जगभर खूप विकलं गेलेलं छोटं हेलिकॉप्टर. तिथे तपासकांनी ‘हे जास्त पडतं का?’ एवढंच विचारलं नाही. ‘पडल्यावर हे इतरांपेक्षा जास्त वेळा पेटतं का?’ असं विचारलं. इथे छेद म्हणजे झालेले अपघात, आणि तो मोजता येतो. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेला असे अपघातोत्तर आगीचे प्रमाण आर-४४ मध्ये जास्त आढळलं. कारणही हाती लागलं : धातूच्या कडक इंधनटाक्या. कंपनीने लवचिक पिशवीच्या टाक्या बसवायला सांगितलं, आणि २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाने ते सक्तीचं केलं. एक नेमका प्रश्न, एक यंत्रणा, एक उपाय. पुढच्या अपघातात कुणीतरी जळण्यापासून वाचतं, ते अशा तुलनेमुळे. ‘सर्वात धोकादायक’ या शिक्क्याने एकही टाकी बदलत नाही.

तुमच्या आराखड्यासाठी एवढं करा. नागरी अपघातांचे अहवाल विमान अपघात तपास ब्युरो प्रसिद्ध करतो, तिथून सुरुवात करा. लष्करी अपघातांचा तपास वेगळा होतो, ते त्याच यादीत मिसळू नका. प्रत्येक नोंदीपुढे मॉडेलचा नेमका प्रकार, उड्डाणाचं काम, ऋतू, जागा आणि अपघात कोणत्या टप्प्यात झाला हे रकाने ठेवा. छेद मिळत नसेल तर ‘दर’ हा शब्द वापरू नका. ‘प्रकरणांचा अभ्यास’ म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. मार्गदर्शक विचारतील, ‘कोणतं हेलिकॉप्टर चांगलं?’ तेव्हा उलट विचारायची हिंमत ठेवा : ‘सर, कोणत्या कामासाठी, कुठे, आणि किती तासांमागे?’