बावीस श्रुतींचा तक्ता आणि दोन तारा

मागच्या पावसाळ्यात चिखलदऱ्याला विज्ञान शिक्षकांचे तीन दिवसांचे शिबिर होते. 'ध्वनी' हा विषय माझ्याकडे होता. सवयीप्रमाणे मी भिंतीवर एक तक्ता लावला. त्यात तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती अशी बावीस श्रुतींची नावे आणि प्रत्येकीपुढे एकेक अपूर्णांक होता. वर ठळक अक्षरांत लिहिले होते: 'भरतमुनींच्या बावीस श्रुती'. परतवाड्याकडून आलेल्या एका शिक्षकांनी हात वर केला. "सर, भरतमुनीनं हे आकडे मोजले कायनं?"

मी प्राचीन गणित, वीणा, परंपरा असे काहीबाही बोललो. ते मान हलवून खाली बसले. आपल्याला उत्तर मिळालेले नाही हे त्यांना कळले होते आणि आपण ते दिलेले नाही हे मला.

खरे उत्तर एका वाक्यात देता आले असते. भरताने हे आकडे मोजलेलेच नाहीत. नाट्यशास्त्रात सात स्वरांमध्ये ४, ३, २, ४, ४, ३, २ अशी श्रुतींची वाटणी आहे आणि तिची बेरीज बावीस होते. दोन सारख्या वीणा घेऊन, त्यांपैकी एक पायरीपायरीने उतरवत जाण्याचा एक सुंदर प्रयोगही तेथे दिला आहे. पण तारेची लांबी किंवा अपूर्णांक एकदेखील नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त बावीस तारांची वीणा सांगितली. तारा अशा चढवायच्या की शेजारच्या दोन नादांमध्ये तिसरा नाद बसू नये. तेथेही निर्णय कानाचा आहे, आकड्यांचा नाही.

मग तक्त्यातले अपूर्णांक आले कोठून? ते आधुनिक काळातल्या अभ्यासकांनी बसवलेले आहेत. या प्रयत्नांमध्ये आपल्याकडचे एक महत्त्वाचे पुस्तक म्हणजे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे 'द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेन्टी-टू श्रुतीज' (१९१०). देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांच्या कामात मोठे काय आणि उणे काय, हे शिक्षकांनी समजून घेणे मला गरजेचे वाटते. कारण तो तक्ता आजही आपण फळ्यावर उतरवतो.

आधी अपूर्णांकांची बाजू पाहू. एका फळीवर ६० सें.मी. लांबीच्या दोन सारख्या तारा ताणून एकाच स्वरात लावा. एक मोकळी ठेवा, दुसरीखाली सरकती घोडी ठेवा. दुसऱ्या तारेची ४० सें.मी. लांबी वाजवली तर पंचम मिळतो, ४५ वर मध्यम, ४८ वर गंधार. कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ही गुणोत्तरे अनुक्रमे ३/२, ४/३ आणि ५/४ होतात. हे आकडे कोणी ठरवलेले नाहीत. ते ऐकू येतात. मोकळ्या तारेत मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपने असतात. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर त्याचे पाचपट १२००. गंधार ३०० चा असेल तर त्याचे चौपटही १२००. दोन्ही नाद एकमेकांत मिसळतात. तंबोऱ्याच्या खर्जातून जो 'स्वयंभू गंधार' ऐकू येतो म्हणतात, तोही खर्जाच्या पाचपट कंपनांचा.

आता पेटीचा गंधार घ्या. तेथे सप्तकाच्या बारा समान पायऱ्या असल्याने तो सुमारे ३०२.४ वर येतो. त्याचे चौपट होते १२०९.५. म्हणजे १२०० शी गाठ पडताना सेकंदाला साडेनऊ हेलकावे येतात. पदार्थविज्ञानात यांना विस्पंद म्हणतात. सुरेल कानाला पेटीचा गंधार खुपतो तो या विस्पंदांमुळे. पेटीचा पंचम मात्र सुमारे ३५९.६ चा, म्हणजे ३६० च्या इतका जवळ की सेकंदाला एक हेलकावाही पुरा होत नाही. विसंवादाचा विस्पंदांशी असलेला हा संबंध हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता.

एवढ्यावर सुंदर सप्तक तयार व्हावे असे वाटते. पण अडचण लगेच येते. ऋषभ ९/८ म्हणजे २७०, धैवत ५/३ म्हणजे ४००. षड्जाशी दोघांचेही छान जुळते. पण रे आणि ध एकमेकांशी षड्ज-पंचमासारखे जुळायला हवे असतील तर २७० ची दीडपट, ४०५, लागते. ४०० आणि ४०५ मधला हा फरक, ८०:८१, लहान दिसतो; पण रे-ध एकदम वाजवले की सेकंदाला दहा विस्पंद ऐकू येतात. म्हणून धैवत दोन हवेत. हाच न्याय इतर स्वरांना लावला तर षड्ज-पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांच्या दोन-दोन जागा होतात. वीस अधिक दोन, बावीस!

हा हिशेब पहिल्यांदा जुळतो तेव्हा अंगावर काटा येतो. माझ्याही आला होता. खरी फसगत येथेच होते. हिशेब जुळला याचा अर्थ एवढाच की बावीस ही संख्या अशा रीतीने मिळू शकते. भरताला ती याच रीतीने मिळाली किंवा गवई याच जागांवर गातात, हे त्यातून सिद्ध होत नाही. तेरा किंवा एकोणतीस हवे असते तरी अपूर्णांकांच्या भांडारातून तेवढे वेचता आलेच असते.

देवलांचा मोठेपणा असा की ते नुसत्या हिशेबावर थांबले नाहीत. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या असामान्य गवयाचा स्वर त्यांनी तारेवर मोजून पाहिला. ग्रंथातल्या श्लोकांवर वाद घालण्याच्या काळात 'गाऊन दाखवा, मी मोजतो' असे म्हणणारा हा माणूस आपल्या विज्ञानाच्या इतिहासात हवा. पुढे ई. क्लेमंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुती-हार्मोनियम घडवून घेतली. आपले म्हणणे चूक ठरू शकेल अशा रूपात त्यांनी ते लोकांपुढे ठेवले. शास्त्रज्ञाने याहून वेगळे काय करायचे असते?

आणि ते चूक ठरवलेही गेले. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ही पेटी गवयांसमोर आली तेव्हा पंडित भातखंडे आणि त्यांच्या बाजूच्या गायकांना तिचे स्वर पटले नाहीत. भातखंड्यांनी आपली पद्धती बारा स्वरांवर उभी केली आणि बारकावे गुरुमुखावर सोडले. व्यवहार म्हणून ते शहाणपणाचे होते. पण 'आमच्या कानाला पटत नाही' हा निकालही मोजणी नव्हे. एका बाजूला एका थोर गवयाचा गळा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या थोरांचे कान. दोन्ही पक्षांनी एक प्रश्न विचारायचा ठेवला: एकच गवई, एकच राग, तोच स्वर दहा वेळा लावतो तेव्हा तो किती हलतो?

देवलांच्या पद्धतीतले उणे मला येथे दिसते. कोणते अपूर्णांक अपेक्षित आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तोच तार मोजणार. मग जवळचा अपूर्णांक 'सापडणे' सोपे. मोजणीत जो पसारा असतो तो तक्त्यात येईपर्यंत गळून जातो आणि उरतो एक टोकदार आकडा. १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन यांनी, १९८२ मध्ये मार्क लेव्ही यांनी ध्वनिमुद्रणांवरून स्वर मोजले. त्यांना स्वरांच्या ठरीव बावीस जागा दिसल्या नाहीत. एकाच स्वराची जागा गवयागणिक आणि त्याच गायनात वेळेगणिकही सरकत होती. याचा अर्थ ५/४ खोटा असा नाही. गंधारावर विसावा घेतला, तंबोरा खाली बोलत असला, तर कान त्या शांत जागेकडे ओढला जातो. पण राग म्हणजे नुसता विसावा नव्हे. तेथे स्वर चालतो, झुलतो, शेजाऱ्याला स्पर्श करून येतो. चालणाऱ्या माणसाचा पत्ता एका घराच्या क्रमांकात सांगता येत नाही.

आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली. अशा वाद्यांचे स्वागतच करावे. वाद्य घडवणाऱ्याला कोठेतरी पट्टी बसवावीच लागते, आणि ३०२.४ पेक्षा ३०० वर बसवलेली गोड लागते. मात्र वाद्य घडवणाऱ्याची सोय हा निसर्गाचा नियम किंवा पूर्वजांचा लेख म्हणून वर्गात सांगू नये. आकडेच दाखवायचे असतील तर सतराव्या शतकातल्या अहोबलाचा 'संगीतपारिजात' दाखवावा. त्याने खरोखरच तारेवर जागा सांगितल्या. तारेच्या मध्यावर तार षड्ज, षड्ज आणि तार षड्ज यांच्या मध्ये मध्यम, षड्ज आणि पंचम यांच्या मध्ये गंधार. साठ सें.मी. तारेवर हा गंधार ५० वर येतो, म्हणजे ६/५. आपण त्याला आज कोमल म्हणतो. भरताच्या नावावर दुसऱ्यांचे अपूर्णांक खपवले की अहोबलाचे हे खरे श्रेयही झाकले जाते.

शिबिराच्या दुसऱ्या सकाळी मी तक्ता काढला. खोलीत धुके शिरत होते आणि फळीवरच्या तारा रात्रीतून उतरल्या होत्या. त्या पुन्हा एकमेकींशी जुळवल्या. कालच्या पट्टीपेक्षा स्वर खालचा होता, पण पंचम ४० वरच मिळाला. गुणोत्तर म्हणजे काय हे सांगायला मला आणखी शब्द लागले नाहीत. मग प्रत्येकाने सें.मी.ची पट्टी न पाहता, कानाने घोडी सरकवून आधी पंचमाची, मग गंधाराची खूण करायची ठरले. पंचमाच्या खुणा जवळजवळ एकीवर एक पडल्या. गंधाराच्या ४८ च्या आसपास पण विखुरलेल्या होत्या, काही पेटीच्या ४७.६ कडे झुकलेल्या. जे गुरुजी रोज पेटीवर प्रार्थना घेतात, त्यांची खूण तिकडेच होती.

कालचे शिक्षक फळीवर वाकून त्या खुणा बघत होते. "म्हंजे आकडा तारंत बी हाय अन् कानात बी," ते म्हणाले. आदल्या दिवशी मला द्यायचे होते ते उत्तर याच्या फार दूर नव्हते.

शाळेत हा प्रयोग करायला एक फळी, दोन तारा, दोन खुंट्या आणि एक घोडी पुरते. तक्ता लावायचा असेल तर जरूर लावावा, पण प्रयोगानंतर, आणि वरचे शीर्षक बदलून. अपूर्णांक कोणी बसवले, केव्हा बसवले आणि मोजणीने त्यांना कोठपर्यंत साथ दिली, एवढे त्याखाली लिहावे. मुलांनी 'मोजले कशाने?' असे विचारले, तर निदान या वेळी आपल्याजवळ उत्तर असेल.