लष्करी अंमल आणि आमचे मुक्तिवाङ्मय

हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील मराठी वाङ्मय वाचीत असता एक उणीव आम्हांस वारंवार जाणवते. अनंत भालेराव यांच्यासारख्यांचे अभ्यासू लेखन वगळल्यास बहुतेक आठवणी व कथा १७ सप्टेंबर १९४८ पाशी थांबतात. निजाम शरण आला, रझाकार पांगले, की लेखकाची लेखणी विसावते. ते स्वाभाविकही आहे. तुरुंग आणि सरहद्दीवरील कॅम्प हाच ज्यांच्या अनुभवाचा गाभा, त्यांनी पुढचे कशास लिहावे?

परंतु बीदरच्या वाचकास खरा प्रश्न पुढेच पडतो. रणगाड्यांनिशी झालेल्या मोहिमेस 'पोलीस कारवाई' म्हटले गेले. खेड्यापाड्यांत ती 'ॲक्शन' या नावानेच आजवर ओळखली जाते. मग पोलिसाचे नाव घेऊन आलेले लष्कर १९४९ च्या अखेरपर्यंत राज्यकर्ते होऊन राहिले. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच अमदानीत, ऑगस्ट १९४९ मध्ये, जहागिरी नष्ट करणारा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची सरंजामशाही एका सेनापतीच्या सहीने मोडावी, हा प्रसंग कोणत्याही कादंबरीकारास मोहात पाडील असा आहे. आमच्याकडे तो क्वचितच कोणास दिसला.

याहून अवघड बाजू दुसरी. मे १९४८ मधील गोरट्याचे हत्याकांड आमच्या वाङ्मयात आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या वेळी व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांतील बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत बीदर होते. काही ठिकाणी सैनिकांनी मुसलमानांचे रक्षण केले, तर काही ठिकाणी ते लुटीत व हत्येत सामील झाले, असेही ती समिती नमूद करते. एकच गणवेश एका गावी त्राता व दुसऱ्या गावी भक्षक ठरावा, यापरते नाट्य कोणते? ज्यास केवळ जयघोष लिहावयाचा आहे, त्यास ते पेलत नाही. अशा लेखनाने मुक्तिलढ्यास उणेपणा येईल, हे भयही आम्हांस पटत नाही. रझाकारांचा जुलूम त्यामुळे तसूभरही हलका होत नाही.

१९५६ मध्ये जिल्ह्याची फाळणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी-हुमनाबाद इकडे राहिले. त्या काळचे दप्तर बहुतांशी उर्दूत आहे, आणि ते वाचू शकणारे मराठी लेखक आता आमच्याकडे मोजकेच उरले आहेत.