‘कोर्चाक’ : शेवटच्या दृश्याचा प्रश्न

पोलिश दिग्दर्शक आन्द्रे वायदा यांचा ‘कोर्चाक’ (१९९०) हा कृष्णधवल चित्रपट वॉर्सा घेट्टोतील अनाथाश्रमाचे संचालक डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अखेरच्या वर्षांवर आधारलेला आहे. पटकथा आग्निएश्का हॉलंड यांची. चित्रपट संयत आहे, कोर्चाकांना देवत्व देण्याचा मोहही त्याने बऱ्याच अंशी टाळला आहे. वाद आहे तो शेवटाविषयी.

प्रथम इतिहास पाहू. १८ जुलै १९४२ रोजी आश्रमातील मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ सादर केले. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, हे त्याचे कथानक. चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोच्या भिंतींवर ‘पूर्वेकडे पुनर्वसना’चा हुकूम लागला. रोज ६००० माणसांची मागणी होती. ज्यू मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्निआकोव यांनी अनाथ मुलांना वगळण्याची खटपट केली. ती निष्फळ ठरताच २३ जुलैला त्यांनी आत्महत्या केली. पुढे उपाशी लोकांना स्वखुशीने येण्यासाठी तीन किलो पाव व एक किलो जाम यांचे आमिष दाखवले गेले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, स्तेफानिया विल्चिन्स्का, इतर कर्मचारी आणि सुमारे २०० मुले यांना नेण्यात आले. २१ सप्टेंबरपर्यंत सुमारे २,६५,००० माणसे त्रेब्लिंका येथे पाठवली गेली. बहुतेकांना तेथे पोहोचताच विषारी वायूने मारण्यात आले.

चित्रपटाच्या अखेरीस मुलांचा डबा गाडीपासून सुटतो, दार उघडते आणि मुले निशाण घेऊन धुक्याच्या माळावर उतरतात. फ्रान्समधील काही समीक्षकांनी यावर कठोर टीका केली. वायदांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, त्रेब्लिंकातील मृत्यूची नोंद पडद्यावरील अक्षरांत स्पष्ट आहे. म्हणजे सत्य लपवलेले नाही.

तरीही आक्षेप उरतोच. अक्षरे विसरली जातात, दृश्य स्मरणात राहते. अमलचा मृत्यू आजारातून येतो, म्हणून ठाकुरांना त्यात मुक्तीचा अर्थ भरता आला. या मुलांना आजार नव्हता, त्यांच्या नावे हुकूम निघाला होता. हुकूम, आकडा, पाव आणि आगगाडी या यंत्रणेने घडवलेल्या हत्येला मुक्तीचे रूप दिले की मारणारा दृष्टीआड होतो.

वर्गात हा चित्रपट जरूर दाखवावा. मात्र त्याआधी २२ जुलैचा हुकूम विद्यार्थ्यांसमोर ठेवावा. नाहीतर विद्यार्थी कोर्चाकांचे थोरपण घेऊन बाहेर पडतील आणि मुले कुणी मारली हे विचारायचे राहून जाईल.