‘फँड्री’तील अबोल मैत्री
नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’स (२०१३) अनेकांनी प्रेमकथा म्हटले, आम्हांस ती न जुळलेल्या बालमैत्रीची कथा वाटते. कैकाडी जब्या आणि वरच्या जातीची शालू एकाच वर्गात बसतात, पण दोघांत संभाषण असे नाहीच. तिच्यासाठी तो काळी चिमणी शोधत रानोमाळ हिंडतो, सोबतीला पिऱ्या. शालूचे मन दिग्दर्शकाने उघडलेच नाही, ही उणीव आम्हांस प्रथम खटकली. पण गावकुसाबाहेरच्या पोराला ते कळणार तरी कसे? जालना जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाला एका बाकावर बसणारी मुले एकमेकांच्या घरी जेवतात काय, हे आम्हीही कधी विचारले नव्हते. डुकरामागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो, वडीलही थबकतात. डुक्कर मात्र थांबत नाही.