नावाचा फेरफार

आपल्या पत्रिकेच्या जुन्या अंकांची लेखकसूची करण्याचे काम मंडळाने गेल्या पावसाळ्यात माझ्यावर सोपविले. महसूल खात्यात हयात गेलेल्या माणसाला नोंदींचा कंटाळा नसतो, असा कार्यकारिणीचा समज असावा. तो अगदीच चुकीचा नाही. काम सुरळीत चालले होते, ते तीन नावांपाशी अडले. पहिले एका कुमारिकेचे, दुसरे ‘तापीतनया’ हे टोपणनाव, तिसरे एका विवाहितेचे. आधीच्या कच्च्या सूचीत या तीन स्वतंत्र लेखिका होत्या. प्रत्यक्षात ती एकच व्यक्ती, आणि ती माझी दिवंगत पत्नी.

त्याच सुमारास माझ्या मुलीने घरात एक विषय काढला. ती मराठी विकिपीडियावर बरीच वर्षे लिहिते आहे. २००३ साली सुरू झालेला हा मुक्त ज्ञानकोश अनेकांच्या हातून, विनामोबदला लिहिला जातो, हे वाचकांस ठाऊक असेलच. तेथे ती माहेरच्या संपूर्ण नावाने वावरत होती. आता ते सदस्यनाम बदलून दुसरे काही, ज्यावरून कुळ वा गाव कळणार नाही असे, घ्यावयाचे तिच्या मनात होते. मी विरोध केला. लिहिणाऱ्याने आपल्या लिहिण्यामागे नावानिशी उभे राहावे, हा माझा जुना हट्ट.

पण विरोध करण्यापूर्वी व्यवहार समजून घ्यावा, ही खात्याची शिकवण. तेथे नाव बदलणे म्हणजे नवे खाते उघडणे नव्हे. अर्ज करावयाचा, नवे नाव व कारण द्यावयाचे. ते नाव आधी कोणी घेतलेले नसावे, कोणाची तोतयेगिरी करणारे नसावे. पूर्वी प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाचे अधिकारी हे काम आपापल्या घरी करीत. मात्र त्यामुळे एकाच नावाची दोन माणसे दोन भाषांत नांदत. २०१५ साली सर्व प्रकल्पांतील खाती एकत्र करण्यात आली, तेव्हा अशा जुळ्या नावांपैकी मागे राहिलेल्यांना शेपटासारखे एक चिन्ह व प्रकल्पाचे नाव जोडण्यात आले. आता हा अधिकार जगभरातील मोजक्या स्वयंसेवकांकडे आहे. नाव मंजूर झाले की सदस्याने आजवर केलेली प्रत्येक दुरुस्ती, अगदी पहिल्या दिवसाचीसुद्धा, इतिहासाच्या पानावर नव्या नावाने दिसू लागते.

येथे माझ्यातला जुना कारकून दचकला. आमच्या गाव नमुना नंबर ६ मध्ये, म्हणजे हक्कपत्रकात, असे होत नसे. खातेदार बदलला तर नोटीस निघे, हरकतीची मुदत जाई, नोंद मंजूर होई. आणि सातबारावर जुने नाव खोडून टाकीत नसत. त्याला कंस पडे, शेजारी फेरफाराचा क्रमांक लागे. ज्याला खोलात जावयाचे असेल त्याने त्या क्रमांकाचे बोट धरून मागे मागे जावे. जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे त्या कंसांवरूनच वाचता येते.

आपल्या साहित्यात हा कंस कसा पडला आहे, हे पाहण्यासारखे आहे. राम गणेश गडकरी यांचा जन्म १८८५ सालचा, आपल्याच नवसारीचा. कवितेत ते ‘गोविंदाग्रज’, विनोदात ‘बाळकराम’, नाटकात मात्र राम गणेश गडकरी. हे नाव बदलणे नव्हे. एकाच वाड्याच्या तीन दारांवर तीन पाट्या लावण्यासारखे ते आहे. चिंतामण त्र्यंबक खानोलकरांनी ‘कोंडुरा’ स्वतःच्या नावाने लिहिली आणि कविता ‘आरती प्रभू’ या नावाने. उद्या कोणी सोयीसाठी त्यांच्या कवितासंग्रहांवर खानोलकर हे नाव छापले, तर माहिती बरोबर असेल, पण त्या कवितेचा स्वर ज्या नावातून येतो ते नाव गेलेले असेल. बडोद्यात जन्मलेल्या माधव त्र्यंबक पटवर्धनांचे उदाहरण मला सर्वांत चमत्कारिक वाटते. पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतलेल्या, ‘छंदोरचना’सारखा शास्त्रीय ग्रंथ लिहिणाऱ्या या पंडिताची कविता ‘माधव जूलियन’ या अर्ध्या परकीय नावानेच ओळखली गेली. शब्द शुद्ध करता आले, नाव शुद्ध करणे जमले नाही. आणि मला तरी ते बरे झाले असे वाटते.

वि. वा. शिरवाडकरांची गोष्ट वेगळी. ते जन्माने गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले. कवी म्हणून ‘कुसुमाग्रज’. यांतले पहिले नाव खरोखरच बदलले, आणि चरित्रकारांखेरीज कोणाला त्याचे स्मरणही नाही.

परंतु माझ्या प्रश्नाच्या अगदी जवळ येणारे उदाहरण विभावरी शिरूरकरांचे. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. लेखिका कोण, यावर महाराष्ट्रात वादळ उठले. ती बाळूताई खरे होती. विवाहानंतर ती मालती बेडेकर झाली. आता विकिपीडियाचा नियम येथे लावून पाहावा. त्या पुस्तकावर मागाहून ‘मालती बेडेकर’ असे छापले, तर ते दुहेरी असत्य होईल. १९३३ साली त्या नावाची लेखिका अस्तित्वातच नव्हती, हे एक. आणि अविवाहित, सुशिक्षित स्त्रियांच्या मनातले लिहावयाचे तर त्या काळी एका स्त्रीला पडदा घ्यावा लागला, ही त्या पुस्तकाइतकीच महत्त्वाची हकीकत पुसली जाईल, हे दुसरे.

याबाबतीत आपल्या गुजराती शेजाऱ्यांची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. तेथे मूळ नाव आणि उपनाम पुष्कळदा एकत्रच लिहितात: गौरीशंकर गोवर्धनराम जोशी ‘धूमकेतु’, त्रिभुवनदास लुहार ‘सुन्दरम्’. कंस म्हणा, अवतरणचिन्ह म्हणा, पण धागा तुटत नाही.

नाव बदलण्याचा अनुभव आपल्या घराण्यांना नवा नाही. कामरेज गायकवाडीत नवसारी प्रांतात होते. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज वहिवाटदाराच्या कचेरीत लेखणी घेऊन आले. १९४९ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, पुढे गुजरात राज्य झाले, आणि नोंदवहीतले ‘राव’ हळूहळू ‘भाई’ झाले, ‘बाई’च्या ‘बेन’ झाल्या. आडनाव आधी आले, नाव मागे गेले. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. लिहिणाऱ्याची सवय होती. माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत मी दोन प्रकारे आहे, आणि दोन्ही मीच असल्याचे प्रतिज्ञापत्र मला एकदा करावे लागले.

तेव्हा मुलीला मी म्हटले, नाव बदल, पण आपल्या सदस्यपानावर जुने नाव कंसात लिही. फेरफाराचा क्रमांक राहू दे.

यावर तिने जे सांगितले ते तिने तोवर घरात कोणालाच सांगितले नव्हते. एका गावाच्या नावाच्या व्युत्पत्तीवरून चर्चापानावर वाद झाला होता. तिने आधार मागितले होते, इतकेच. समोरच्या गृहस्थाने तिच्या नावावरून माग काढला आणि ती नोकरी करते तेथे दूरध्वनी केला. एकदा नव्हे, तीनदा. शेवटच्या वेळी त्याला तिच्या मुलाची शाळा ठाऊक होती. “बाबा, तुमच्या सातबारावर कंस पाहायला माणसाला कचेरीत यावे लागे,” ती म्हणाली. “माझा कंस कोणीही, रात्री दोन वाजता, घरबसल्या पाहील.”

मला उत्तर सुचले नाही. उलट तिनेच दाखविले की माझी भीती निम्मी निराधार आहे. नामांतराची नोंद तेथे उघड राहते, आणि चर्चापानांवर पूर्वी केलेल्या सह्या आपोआप बदलत नाहीत. त्या साध्या मजकुरासारख्या जुन्याच नावाने तशाच राहतात. म्हणजे शोधणाऱ्याला माग मिळतोच. तिला लपावयाचे नव्हते. आपण होऊन दारावर पाटी लावावयाची नव्हती, एवढेच. विभावरी शिरूरकरांच्या पडद्याचे मी कौतुक करीत होतो, कारण तो इतिहासजमा झाला होता. माझ्याच घरातला पडदा मला भ्याडपणा वाटला होता.

त्या रात्री मी सूचीची तीन पाने पुन्हा काढली. ‘तापीतनया’ या नावाने पत्नीचे दोनच लेख आहेत, दोन्ही सासुरवासाविषयीचे, लग्नानंतरच्या पहिल्या चार वर्षांतले. तेव्हा माझे आईवडील हयात होते. तिने हे नाव का घेतले, हे मी तिला कधी विचारले नाही. ते तिचे लेख आहेत, हेही मला पुष्कळ उशिरा, हस्ताक्षरातली प्रत सापडल्यावर कळले.

मुलीचा अर्ज मंजूर झाला. नवे नाव मी येथे देत नाही. सूचीत कुमारिकेच्या आणि विवाहितेच्या नावांपुढे मी परस्परांचे निर्देश केले आहेत. ‘तापीतनया’ची नोंद मात्र स्वतंत्र ठेवली आहे, त्यापुढे कंस नाही. संपादकांनी विचारले तर मुलीला विचारून सांगेन.