गुणविशेषांचे भाकीत आणि काळाची कसोटी

नोकरीसाठी उमेदवार निवडताना त्याच्या व्यक्तिमत्त्वाची चाचणी घ्यावी की नाही, हा मानसशास्त्रातील जुना वाद आहे. बॅरिक व माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. पाच प्रमुख गुणविशेषांपैकी कर्तव्यदक्षतेचा संबंध सर्व व्यवसायगटांतील कामगिरीशी आढळतो, असे त्यांनी दाखवून दिले. मात्र हा संबंध माफकच होता. शिवाय कामगिरी नेमकी केव्हा मोजली, या प्रश्नाकडे त्यानंतरही फारसे लक्ष दिले गेले नाही.

या दृष्टीने लिव्हेन्स, ओनेस व डिलचर्ट यांचा २००९ मधील शोधनिबंध महत्त्वाचा ठरतो. एका युरोपीय देशातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या १९९७ सालच्या संपूर्ण तुकडीचा त्यांनी सात वर्षे मागोवा घेतला. कर्तव्यदक्षतेवरून परीक्षेतील यशाचे भाकीत करण्याचा वैधता गुणांक ०.१८ वरून ०.४५ पर्यंत वाढला. बहिर्मुखता आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा यांचा आरंभी लाभ दिसला नाही. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा भाग वाढू लागल्यावर मात्र त्यांचे महत्त्व वाढले. हेल्मराइख व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये विमान आरक्षण कर्मचाऱ्यांबाबत असेच निरीक्षण नोंदवले होते. यशाची प्रेरणा व कामगिरी यांचा संबंध तेथे काही महिन्यांनंतरच प्रकट झाला. नव्याची नवलाई ओसरल्यावर स्वभाव कळतो, हेच खरे.

तथापि या अभ्यासाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. पहिल्या वर्षी ६२७ विद्यार्थी होते. सातव्या वर्षाच्या विश्लेषणात ३०६ उरले. म्हणजे शेवटचा निष्कर्ष निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांवर आधारलेला आहे. दुसरे असे की, गुणपत्रिका म्हणजे रुग्णसेवा नव्हे. तिसरे, ०.४५ हा गुणांक सांख्यिकीय दुरुस्तीनंतरचा आहे आणि तो जसाच्या तसा मान्य केला, तरी यशातील सुमारे २० टक्के फरकाचाच उलगडा होतो. उरलेल्या ८० टक्क्यांत बुद्धी, पूर्वतयारी, घरची परिस्थिती, अध्यापन असे बरेच काही येते.

म्हणून या निबंधाचा आधार घेऊन प्रवेशाच्या दारातच चाचणी लावणे योग्य ठरणार नाही. त्यातून मिळणारा धडा वेगळाच आहे. पहिल्या सत्राच्या गुणांवरून विद्यार्थ्याविषयी कायमचे मत बनवणारा शिक्षक ज्या गुणांचे फळ उशिरा दिसते, तेच नजरेआड करतो. कर्तव्यदक्ष विद्यार्थ्याला सर्वाधिक गरज असते ती वेळेची. ती देणे शिक्षकाच्या हाती आहे.