तबकडी आणि तिची निर्दोष प्रत

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या एका महाराष्ट्रीय गृहस्थांच्या घरी गेल्या रविवारी कै. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी दोनदा ऐकण्याचा योग आला; प्रथम ग्रामोफोनच्या तबकडीवरून आणि नंतर तिच्या संगणकीय प्रतीवरून. गृहस्थ सेवानिवृत्त होऊन चिरंजीवांकडे निघाले आहेत. ‘प्रत झाली, मग हे ओझे कशाला?’ असे चिरंजीवांचे म्हणणे. बदलीच्या सामानात अशा पेट्या बांधणाऱ्या आपणां सर्वांपुढेच हा प्रश्न आहे.

प्रत ‘फ्लॅक’ पद्धतीची होती. २००१ साली पुढे आलेल्या या पद्धतीत ध्वनीचे आकडे आटोपशीर बांधले जातात, पण उकलताना एकही आकडा गळत नाही. एमपी-थ्रीप्रमाणे येथे काही टाकून दिले जात नाही. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. तिची बिनचूक उतरविलेली फ्लॅक प्रत तिच्याहून तसूभरही उणी नसते. तेव्हा या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ होय.

लाखेच्या तबकडीचे तसे नाही. तिच्यावर आकडे नाहीत, खाच आहे. सुई बदलली की नाद बदलतो. शिवाय जुन्या तबकड्या सर्वच मिनिटास ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ ने फिरविल्यास गाणे जवळजवळ पाव स्वराने उतरते. स्वरांतरे कायम राहतात, परंतु लय मंदावते आणि गळ्याची जात पालटते. फ्लॅक ही चूकही तितक्याच निष्ठेने जतन करते!

आम्ही ऐकलेल्या प्रतीतून खरखर पुसून टाकलेली होती. तिच्यासवे खाँसाहेबांच्या आवाजाची बारीक धारही बोथट झाली होती. ही हानी फ्लॅकची नव्हे, तिच्यापूर्वी फिरलेल्या हाताची. ‘काही गळत नाही’ ही ग्वाही सुईच्या अलीकडची आहे, पलीकडची नाही.

तथापि तबकडीचे स्तोम माजविण्याचेही कारण नाही. पोलादी सुईच्या प्रत्येक फेरीबरोबर खाच झिजते. म्हणून प्रत ऐकण्यासाठी आणि तबकडी पडताळण्यासाठी, असा विवेक आम्हांस योग्य वाटतो. तबकडी असेल तर उद्या अधिक जाणता हात ती पुन्हा उतरवील. ती गेली, तर पहिल्या उतरविणाऱ्याचा कानच अखेरचा ठरेल.